गाडी टायर खाते तेव्हा

गाडी घेतली तेव्हा टायर तपासणं म्हणजे चाकाला बाहेरून एक लाथ मारून बघणं, एवढंच मला ठाऊक होतं. लांजा ते रत्नागिरी असं आठवड्यातून तीनदा जाणं-येणं. ऐन आषाढात एकदा पुढचं डावं चाक पंक्चर झालं. दुकानातल्या मुलाने ते उतरवलं आणि माझ्यासमोर आडवं टाकलं. बाहेरच्या कडेची नक्षी शाबूत, मधली ठीकठाक, आणि आतल्या कडेला दोन बोटं रुंद पट्टा इतका गुळगुळीत की रबरातून तारा डोकावत होत्या. "काका, आतून कधी बघितलंत काय?" नव्हतं बघितलं. गाडी उभी असताना टायरची आतली कड दिसतच नाही. टायर जेमतेम १८ हजार किलोमीटर चाललेला होता.

त्याआधी मी दोनदा अलाइनमेंट, म्हणजे मशीनवर चाकांची दिशा आणि कल मोजून नीट करणं, करून घेतली होती, हे त्यातलं खरं दुखणं. पैसे दिले, छापलेला कागद घेतला, न वाचता कप्प्यात टाकला. नंतर निघालं ते असं, की डाव्या लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या लोखंडी हाताचा, बुश (सांध्यातलं रबर) फाटला होता. ढिल्या सांध्यावर उभ्या गाडीत मशीनला चाक सरळच दिसलं, मी दुकानाबाहेर पडून पहिल्या खड्ड्यात आदळलो आणि चाक पुन्हा वाकडं. हे दोन्ही वेळा झालं. म्हणून नव्याने गाडी घेतलेल्यांना मी क्रम सांगतो. आधी हवा, मग टायर, मग सांधे, आणि सगळ्यात शेवटी मशीन. बहुतेक जण उलट्या टोकापासून सुरुवात करतात.

हवा

सकाळी, गाडी निदान तीन तास उभी असताना मोजायची. किती हवी तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत. टायरच्या अंगावर छापलेला दाब ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तो भरायचा नसतो. हवा मोजायचं स्वतःचं एक गेज घ्या. पंप घरापासून लांब असतो, घाट चढून तिथे पोचेपर्यंत टायर तापून दाब तीन-चार पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) वाढलेला असतो. मग पंपावरचा माणूस "जास्त आहे" म्हणून हवा काढतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चारही टायर कमी हवेवर उभे असतात.

स्टिकरवर सहसा दोन आकडे असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि दुसरा भरलेल्या गाडीसाठी. दुसऱ्याकडे कुणी बघत नाही. गणपतीला मुंबईहून येणारी गाडी बघा. आत पाच माणसं, डिकीत सामान, मांडीवर मखराचं खोकं. परतताना तांदळाचं पोतं आणि वीस-पंचवीस नारळ. मागची चाकं बसलेली असतात. त्या प्रवासापुरती मागची हवा स्टिकरप्रमाणे वाढवा आणि घरी पोचल्यावर, टायर गार झाल्यावर, पुन्हा कमी करा.

टायर वाचणं

हा भाग सावकाश करा, कारण निम्मं निदान इथेच होतं. स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे वळवा, उतरून डाव्या चाकाची मागची बाजू बघा, आतली कड दिसेल. मग पूर्ण डावीकडे वळवून उजव्या चाकाची. मागच्या चाकांसाठी मात्र टॉर्च घेऊन जमिनीवर वाकावं लागतं. मोबाइल आत धरून फोटो काढला तरी चालतो. टायरवरून हात फिरवायचा असेल तर जाड हातमोजा घाला. बाहेर आलेली तार ब्लेडसारखी कापते, माझ्या तर्जनीवर खूण आहे.

एक खडू घ्या आणि प्रत्येक टायरवर लिहा: पु.डा., पु.उ., मा.डा., मा.उ. मग चारही टायरचे फोटो. दुकानात टायर पुढे-मागे केले की पुरावा गेला. मागच्या चाकावर आलेला टायर कुठे झिजला, कशाने झिजला, ते मग कुणालाच सांगता येत नाही.

टायरच्या खाचांत तळाशी जागोजागी रबराचे छोटे उंचवटे असतात, कडेवर तिथे टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा लहानसा त्रिकोण असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की खाच १.६ मिलिमीटर उरली. मोटारीसाठी नियमाने हीच किमान खोली. नव्या टायरची खाच साधारण ७-८ मिलिमीटर असते. आपल्याकडच्या पावसात मी १.६ ची वाट बघत नाही, ३ उरले की बदलतो. रस्त्यावर पाण्याचा थर असताना ते पाणी खाचांतूनच बाहेर फेकलं जातं. खाच उथळ असेल तर टायर पाण्यावर तरंगायला लागतो आणि स्टेअरिंग एकदम हलकं लागतं. हातखंब्याच्या पुढे एकदा तो अनुभव घेतलाय, पुन्हा नको.

आता झीज कशी वाचायची ते. एकाच टायरच्या दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य उंच राहिला, तर हवा सतत कमी होती. मध्य झिजला आणि कडा राहिल्या, तर हवा जास्त होती. या दोन्हींत अलाइनमेंटचा काही संबंध नाही, गेज घ्या आणि विषय संपवा.

एकच कड झिजली असेल तर हात लावून बघा. नक्षीच्या ठोकळ्यांवरून आडवा हात फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचत असेल, तर टो बिघडलेला आहे. टो म्हणजे वरून बघितलं तर दोन्ही चाकांची तोंडं कुठे आहेत ते. दोन्ही पावलं आत वळवून चालणारा माणूस डोळ्यांपुढे आणा, तो टो-इन. फेंगडा चालणारा टो-आउट. टो-इन जास्त झाला की बाहेरची कड जाते, टो-आउटने आतली. चूक किती लहान असते बघा: एक चाक अर्धा अंश जरी वाकडं असेल तरी दर किलोमीटरमागे ते सुमारे नऊ मीटर आडवं घासत जातं. मुंबई ते सावंतवाडी पाचशे किलोमीटर धरले, तर साडेचार किलोमीटरच्या आसपास टायर नुसता फरफटला.

एक कड झिजलीय पण हाताला करवत लागत नाही, झीज गुळगुळीत उतरती आहे, तर कॅम्बर. म्हणजे समोरून बघितल्यावर चाक वरून आत किंवा बाहेर कललेलं. जोराचा खड्डा बसून स्ट्रट, म्हणजे चाकाला वरून धरणारा शॉकअब्सॉर्बरचा खांब, वाकला की हे होतं. माझ्या गाडीत टो आणि कॅम्बर दोन्ही होतं, कारण बुश गेल्यावर खालचा अख्खा आर्मच हलत होता.

टायरच्या गोलावर मधेमधे वाटीसारखे खळगे पडले असतील तर शॉकअब्सॉर्बर बघा. चाक रस्त्याला धरून न राहता उड्या मारत जातं आणि जिथे आपटतं तिथे खातं. बॅलन्सिंग, म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधणं, बिघडलेलं असलं तरी असे खळगे पडतात.

घाटवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. आंबा घाट, कुंभार्ली किंवा फोंडा घाट रोजचा असेल तर पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा थोड्या जास्त झिजणारच, वळणावर गाडीचा भार तिथेच येतो. दोन्हीकडे सारखी झीज आणि मशीनवर आकडे बरोबर, तर कुणी "पार्ट बदला" म्हटलं तरी ऐकू नका. वळणावर वेग कमी करा आणि टायर वेळेत मागे घ्या.

डावं पुढचं चाक बाकी तिघांपेक्षा लवकर बिघडतं, हे आमच्याकडे बहुतेकांच्या अनुभवाचं आहे. अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की आपण डावी चाकं डांबराखाली उतरवतो. पावसाने साइडपट्टी वाहून गेलेली, डांबराची धार चार-चार बोटं उंच. एसटी गेल्यावर त्याच धारेवर तिरकं चढतो आणि टायरची कड त्या धारेवर घासली जाते. थांबा, वेग पार कमी करा, आणि चाक शक्य तितकं धारेच्या काटकोनात आणून चढवा. टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेत. त्याला दुरुस्ती नाही, तो टायर बदलायचा.

सांध्यांचा खेळ

मेकॅनिकच्या भाषेत ढिलेपणा म्हणजे 'खेळ' किंवा 'प्ले'. हे घरी बघता येतं, पण जॅक लावताना जिवाला जपून. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, गिअरमध्ये गाडी, उरलेल्या चाकांना मागेपुढे दगड. पावसाळ्यात लाल मातीत जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी घाला. आणि गाडीला टेकू म्हणून जांभ्याचा चिरा कधीही लावू नका. अंगणात चार पडलेले असतात म्हणून हात तिकडेच जातो, पण चिरा दाबाने फुटतो, आणि फुटण्याआधी सांगत नाही. या तपासणीसाठी गाडीखाली शिरायची गरजच नाही.

चाक अधांतरी झालं की घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून आलटून पालटून ढकला-ओढा. आवाज आला किंवा हाताला सैल लागलं तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगपासून चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक) किंवा स्टेअरिंग रॅकचा एंड. मग १२ आणि ६ ला धरून तसंच करा. तिथे सैल असेल तर बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोळ्याचा सांधा) किंवा व्हील बेअरिंग. चाक हाताने फिरवल्यावर घरघर आली तर बेअरिंगच.

बुश असा हाताने सापडेलच असं नाही. त्याचा आवाज ऐकावा लागतो. काचा खाली करून खडबडीत रस्त्यावर दहाच्या वेगाने जा. खड्ड्यात 'खट्ट' असा कोरडा आवाज लोअर आर्मच्या बुशचा असू शकतो. बारीक 'टकटक' बहुधा सस्पेन्शनमधल्या लिंक रॉड या छोट्या दांडीची. ब्रेक दाबताच एकदाच खट्ट होत असेल तर बुशवर संशय आणखी पक्का. मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर घेऊन पहार लावून बुश दाबून दाखवायला सांगा. रबर चिरलेलं असेल तर तुम्हालाही दिसतं.

यातलं काहीही ढिलं निघालं तर आधी तो पार्ट. तो बदलून झाल्यावर अलाइनमेंट.

रस्त्यावरची परीक्षा

चौपदरी झालेल्या महामार्गावर मोकळा, सरळ तुकडा बघा. मागे-पुढे गाडी नाही याची खात्री करून ५०-६० च्या वेगात हात स्टेअरिंगवर नुसते टेकवून ठेवा. सोडू नका. गाडी हळूहळू डावीकडे सरकली तर लगेच घाबरू नका, पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता केलेला असतो. झपकन ओढली, किंवा उजवीकडे गेली, तर दोष आहे.

फक्त ब्रेक दाबल्यावर ओढते का? मग अलाइनमेंट सोडा, ब्रेक बघा. समुद्राजवळच्या गावांत, हर्णै-गुहागरकडे, खाऱ्या हवेने कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून अडकतात आणि एकच चाक धरतं. हवा, ब्रेक ठीक असूनही गाडी ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदला. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा आहे. दिशा ठरलेले टायर, ज्यांच्या अंगावर बाण असतो, त्यांच्यावर मात्र हा प्रयोग करू नका.

सरळ जाताना स्टेअरिंग वाकडं राहतं, ही तक्रार वेगळी. ती टो किंवा मागच्या एक्सलची (मागची चाकं ज्यावर बसतात तो कणा). आणि ८०-१०० च्या वेगात स्टेअरिंग थरथरतं ही तिसरी, ती बॅलन्सिंगची. दुकानात गेल्यावर नुसतं "अलाइनमेंट करा" म्हणू नका, यातलं काय होतंय ते सांगा.

मशीनवर

आदल्या दिवशी गाडी धुवा, विशेषतः रिमची आतली बाजू. पावसाळ्यात तिथे लाल चिखल वाळून घट्ट बसतो, आणि तेवढ्याने चाक थरथरतं. चिखलासकट बॅलन्सिंग केलं आणि आठ दिवसांनी चिखल पडला, की वजनं चुकली. डिकी रिकामी करा. गाडी जुनी आणि समुद्राकाठची असेल तर मेकॅनिकला सांगून टाय रॉडच्या लॉक नटवर एक दिवस आधी गंज सोडवणारं तेल मारून घ्या. नट गंजून बसला असेल तर दुकानातला मुलगा थोडा जोर लावून बघतो आणि "होत नाही" म्हणतो, किंवा काहीच म्हणत नाही.

दुकानात मुकाट बसून चहा पिऊ नका, बाजूला उभे राहा. त्याने सुरुवातीला हवा मोजली का? चारही चाकांना सेन्सर किंवा पट्ट्या नीट बसवल्या का? मशीनमध्ये तुमच्या गाडीचं मॉडेल आणि वर्ष बरोबर निवडलं का? हा शेवटचा प्रश्न विचाराच. चुकीच्या मॉडेलचे आकडे धरून केलेली अलाइनमेंट पडद्यावर हिरवीगार दिसते आणि गाडी टायर खात राहते. मग तो स्टेअरिंग सरळ करून अडकवतो आणि गाडीखाली जाऊन टाय रॉड फिरवतो. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत पुढचा टो एवढंच सहज फिरवता येतं. कॅम्बरसाठी स्ट्रटचे बोल्ट सैल करून जेवढी फट असेल तेवढंच. मागचा सलग एक्सल असेल तर तिथे फिरवायला काही नसतं, तिथला आकडा लाल असेल तर एक्सल किंवा बुश बघावा लागतो.

कागद

दोन रकाने असतात, आधीचा आणि नंतरचा. आधीचाच जास्त बोलका. तिथे टो किती बिघडला होता ते तुमच्या खडूच्या खुणांशी ताडून बघा. आतली कड गेली असेल तर कागदावर टो-आउट किंवा आत कललेला कॅम्बर दिसायला हवा. काहीच दिसत नसेल तर चाक उभ्या गाडीत सरळ आणि चालत्या गाडीत वाकडं होतंय. म्हणजे परत सांध्यांकडे. माझ्या त्या दोन कागदांवर हेच लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

आकडे अंश आणि कलांमध्ये असतात, ६० कला म्हणजे एक अंश. काही मशीनवर दशांश असतो. सहा कला म्हणजे ०.१ अंश, ०.०६ नव्हे. याच्यात दुकानदारही गोंधळतात. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये किंवा कास्टरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर गाडी ओढते. कास्टर म्हणजे बाजूने बघितल्यावर स्टेअरिंगच्या कण्याचा मागे असलेला कल, वळल्यानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं ते त्यामुळे. त्याने टायर फारसा झिजत नाही. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत शेवटी स्टेअरिंगचा सेन्सर शून्यावर आणावा लागू शकतो, ते विचारून घ्या. आणि पैसे देण्याआधी दोन किलोमीटर स्वतः चालवून या.

त्यानंतर

टायर आठ ते दहा हजार किलोमीटरला पुढे-मागे करा. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत पुढचे सरळ मागे, मागचे तिरके पुढे. बाणाचे टायर असतील तर त्याच बाजूला पुढे-मागे. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे बसवा, दुकानदार पुढे म्हणाला तरी. पावसात पुढचे घसरले तर निदान स्टेअरिंगवर कळतं आणि वेग कमी करता येतो. मागचे घसरले तर गाडी गोल फिरते. नवा म्हणून दिलेला टायर खरंच नवा आहे का, तेही बघा. कडेवर चार आकडे असतात, २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.

अलाइनमेंट किती दिवसांनी? दर पाच हजारांना करा असं दुकानात सांगतात. मी वर्षातून एकदा करतो, पाऊस संपल्यावर, नवरात्राच्या सुमाराला, कारण खड्ड्यांचे चार महिने तेव्हा उलटलेले असतात. शिवाय मोठा आदळा बसला, किंवा टाय रॉड, आर्म, स्ट्रट यांपैकी काही बदललं, तर लगेच. पावसाच्या तोंडावर करून पुढच्याच महिन्यात खड्ड्यांत आपटण्यात मला अर्थ वाटत नाही, पण टायर मात्र मे महिन्यातच बघून घेतो.

खळ्यात गाडी वळवताना जागेवर उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवायची सवय सोडा. जांभ्याची फरशी पॉलिश पेपरसारखी असते, प्रत्येक वळणाला थोडं रबर तिथे राहतं. गाडी अगदी सरपटत का होईना, हलती ठेवून वळवा. आणि मुंबईला जाऊन गाडी गावी दोन-तीन महिने उभी ठेवणार असाल तर चारही टायरमध्ये स्टिकरपेक्षा दोन-चार पीएसआय जास्त हवा भरून ठेवा, मात्र टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत. शेजारच्या कुणाला तरी पंधरा दिवसांनी गाडी हातभर पुढे-मागे करायला सांगा. एकाच जागी टेकून टायर तिथे चपटा होतो, मग आल्यावर पहिले काही किलोमीटर गाडी धडधडते आणि माणूस थेट अलाइनमेंटच्या दुकानात जातो. तेवढं अंतर चालवून टायर गरम होऊ द्या. धडधड गेली तर काही करायचं नाही.